ससा घरात मोकळा सोडला तेव्हा

ससा मुलीने आणला होता. तिच्या कॉलेजातल्या एका मैत्रिणीकडे सशीला पिल्लं झाली, त्यातलं एक ती बुटांच्या खोक्यात घालून स्कूटीवरून घेऊन आली. खोक्याला तिने पेनाने भोकं पाडली होती. "मम्मी, एक महिना फक्त," म्हणाली. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. वर्षभराने तिला हैदराबादला नोकरी लागली, ती दोन बॅगा घेऊन गेली आणि ससा राहिला. तिने त्याला एक इंग्रजी नाव ठेवलं होतं. ती गेल्यावर ते नाव कोणी घेतलं नाही. तो नुसता ससा झाला.

आम्ही सक्करदऱ्याला दुसऱ्या मजल्यावर राहतो. हॉल, दोन बेडरूम, स्वयंपाकघर आणि मागे एक गॅलरी. गॅलरीतून जवळचा तलाव दिसत नाही, डास मात्र तिथूनच येतात. नवरा सावनेरकडच्या एका कोळसा खाणीत सर्व्हेअर आहे. आठवडाभर तो तिकडे क्वार्टरमध्ये राहतो आणि शनिवारी संध्याकाळी घरी येतो. मी धंतोलीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. सकाळी साडेसहाला निघते, साडेतीनपर्यंत परत येते. सासरे गेल्यावर सासूबाई गावाहून आमच्याकडे राहायला आल्या. त्यांचं वय नक्की कोणालाच माहीत नाही. छप्पन सालच्या दीक्षेच्या वेळी त्या आईच्या कडेवर होत्या, एवढंच सांगतात. म्हणजे मुलगी गेल्यानंतर आठवड्याचे सहा दिवस घरात आम्ही दोघी बायका होतो आणि गॅलरीत पिंजऱ्यातला ससा.

मी सकाळी जाताना त्याला पाणी आणि कोबीची पानं द्यायची, आल्यावर खालचा ट्रे धुवायची. यापलीकडे माझं त्याच्याशी काही नव्हतं. मुलगी व्हिडिओ कॉलवर त्याला बघायला मागायची तेव्हा मी फोन पिंजऱ्यासमोर धरायची. तो तोंड हलवत बसलेला असायचा. ती दोन मिनिटं त्याच्याशी बोलायची आणि मग मला विचारायची, तू जेवलीस का.

एप्रिल संपताना गॅलरीतल्या फरशीवर पाय ठेववेना. मी पिंजऱ्यावर ओली पोती टाकली, ती तासाभरात वाळायची. शेवटी पिंजरा उचलून हॉलमध्ये कूलरसमोर आणला. तिथे तो रोज डोळ्यांसमोर आला, तेव्हा माझ्या लक्षात आलं की तो नीट उठत नाही. पुढचे पाय सरकवायचा आणि मागचं अंग ओढत न्यायचा.

मी त्याला जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने त्याला टेबलावर ठेवलं, मागचे पाय दाबून पाहिले.

"किती वेळ बाहेर असतो?"

"बाहेर म्हणजे?"

"पिंजऱ्याच्या बाहेर."

"नसतो," मी म्हटलं.

ती माझ्याकडे रागाने बघेल असं वाटलं होतं. तिने फक्त माझं बोट धरून सशाच्या मांडीवर ठेवलं. कातडीखाली हाडच लागलं. "हे पळणारं जनावर आहे, मॅडम. याच्या पायांत जोरच उरला नाही. घरात मोकळा सोडा. वायरी तेवढ्या सांभाळा."

घरी येऊन मी सासूबाईंना सांगितलं. त्या खिडकीजवळच्या दिवाणावर बसून मेथी निवडत होत्या. ती त्यांची ठरलेली जागा.

"घरात मोकळा?" त्या म्हणाल्या. "ससा?"

"डॉक्टरनी सांगितलं, आई. त्याचे पाय जाऊन राहिले."

"आमच्या गावात कापसाच्या पऱ्हाटीत ससा दिसला की माणसं काठ्या घेऊन धावत. माह्या बाप एका वाराले पाडे. मंग घरी आणून रांधत. बम चव असते सशाले." त्यांनी हे सहज सांगितलं, जसं कोणी एखाद्या गावाचा रस्ता सांगावा. मग मेथीची एक काडी बाजूला टाकत विचारलं, "अन् हागंन तं?"

"मी काढीन."

"काढ मंग. मी नाई काढत."

तेवढ्यावर ठरलं.

पुढच्या रविवारी मी घर मोकळं केलं. तसं घर मी कधी पाहिलं नव्हतं, कारण त्यासाठी जमिनीवर बसावं लागलं. फ्रिजच्या मागे एक वायर लोंबत होती, टीव्हीखाली चार, कूलरची एक. त्या मी सुतळीने बांधून वर घेतल्या. सोफ्याखाली मुलीचं एक कानातलं सापडलं, तीन पेनं आणि सासूबाईंच्या औषधाची रिकामी बाटली. फरशी गुळगुळीत होती, तिच्यावर त्याचे पाय घसरले असते, म्हणून पिंजऱ्यापासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जुन्या सतरंज्या आणि एक लाल गालिचा टाकला. मग पिंजऱ्याचं दार उघडलं आणि बाजूला झाले.

तो आला नाही. त्या दिवशी नाही आणि दुसऱ्या दिवशीही नाही. दार उघडं होतं आणि तो आत मागच्या कोपऱ्यात बसून होता. तिसऱ्या दिवशी कामावरून आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "दोन पाय बाहेर ठेवले होते त्यानं. मंग घेतले आत."

"तुम्ही पाहिलं?"

"मी काय करते दिवसभर? इथंच तं बसून राहते."

चौथ्या दिवशी तो बाहेर आला आणि भिंतीला लागून चालू लागला. मधल्या मोकळ्या जागेत तो जात नव्हता. भिंत, सोफ्याची मागची बाजू, टीव्हीचं टेबल, पुन्हा भिंत. प्रत्येक वस्तूपाशी थांबून तो तिला हनुवटी घासायचा. सोफ्याच्या पायाला, माझ्या चपलेला, पाण्याच्या कॅनला. ही माझी, ही माझी, असं त्याचं चाललेलं असतं, हे मला नंतर मुलीने सांगितलं. एवढं करून तो पिंजऱ्यात परत जायचा आणि दमल्यासारखा आडवा व्हायचा. त्याचा फेरा रोज हातभर वाढायचा. पंधरा दिवसांत तो स्वयंपाकघरापर्यंत पोचला. महिन्याने त्याने माझ्या खोलीचा उंबरा ओलांडला आणि पलंगाखाली जाऊन दुपारभर तिथेच राहिला.

एका संध्याकाळी मी चहा घेत होते. तो हॉलच्या मधोमध आला, जिथे तो कधी यायचा नाही, आणि एकाएकी हवेत उडाला. उडताना त्याने अंगाला पीळ दिला, खाली आला, सोफ्याला चक्कर मारून पुन्हा उडाला. मला वाटलं त्याला काही चावलं. मी उठून उभी राहिले.

"बस वं," सासूबाई म्हणाल्या. "खुशीत आहे थो."

त्याचं नुकसानही बरंच होतं. कॅलेंडरचा खालचा भाग त्याने जूनपासून डिसेंबरपर्यंत एकदमच खाल्ला. चटईची कड, नवऱ्याच्या खाणीच्या बुटांची नाडी, दिवाणावरच्या चादरीचं टोक. सासूबाई शिव्या द्यायच्या, पण निवडलेल्या भाजीचे देठ त्या आता पिशवीत टाकत नव्हत्या. दिवाणाच्या खाली हात सोडून बसायच्या. "ये गा," म्हणायच्या. तो यायचा, एक एक देठ ओढून घ्यायचा. त्या त्याच्याकडे बघायच्या नाहीत. निवडत राहायच्या.

आषाढाच्या पौर्णिमेला त्या पांढरी साडी नेसून विहारात गेल्या. वंदना झाल्यावर शेजारच्या बाईने त्यांना विचारलं की पदराला काय झालं. पदराच्या कडेला तळहाताएवढं भोक होतं, कडा कुरतडलेल्या. त्या घरी आल्या त्या तणतणत.

"सगळ्या बायका पाहून राहिल्या होत्या माह्याकडं. साडी खाल्ली या मेल्यानं!"

मी साडी हातात घेऊन पाहिली. भोक नजरेतून सुटण्यासारखं नव्हतं. साडी त्यांनी स्वतः घडी घातली होती, स्वतः नेसल्या होत्या, पदर स्वतः खांद्यावर घेतला होता. हे माझ्या मनात आलं आणि गेलं. मी म्हटलं, "आई, आता साड्या कपाटात ठेवत जा." त्यांनी त्याच संध्याकाळी पदर रफू करायला घेतला. सुईत दोरा पहिल्याच वेळेला ओवला. चष्म्याशिवाय.

असं आणखीही काही होत होतं. त्या कपाटाच्या उघड्या दाराला धडकायच्या आणि दार उघडं ठेवलं म्हणून मला बोलायच्या. दोनदा त्यांच्या हातून टेबलाच्या कडेचा ग्लास पडला. जिन्यात त्या कठडा सोडत नव्हत्या, मला वाटायचं गुडघ्यांमुळे. त्यांची साखर मी दर तीन महिन्यांनी तपासत होते. घरीच रक्त काढायची, लॅबमध्ये न्यायची, संध्याकाळी आकडा सांगायची. तेवढ्यावर मी समाधानी होते. धंतोलीत मी दिवसभर ज्या पेशंटचं रक्त काढते ते गडचिरोली, यवतमाळ, वर्धा कुठून कुठून आलेले असतात, त्यांना मी विचारते, आणखी काय त्रास होतो? घरी मी विचारलं नव्हतं.

सप्टेंबरातला रविवार होता. सकाळचे दहा वाजले असतील, हॉलमध्ये चांगला उजेड होता. नवरा सुट्टीवर आलेला नव्हता. मी स्वयंपाकघराच्या दारात खाली बसून वांगी चिरत होते. ससा लाल गालिच्यावर आडवा पडला होता, मागचे पाय लांब सोडून. असा तो भरवसा वाटला की पडायचा. सासूबाई त्यांच्या खोलीतून पाण्याचा तांब्या घेऊन निघाल्या. मी त्यांना येताना पाहत होते. पांढरा ससा, लाल गालिचा, समोरून चालत येणारी बाई. त्या वळतील असंच मी धरून चालले होते. त्या वळल्या नाहीत. त्यांनी सरळ त्याच्यावर पाय दिला.

ससा ओरडतो हे मला माहीत नव्हतं. वर्षदीड वर्षात त्याचा आवाज आम्ही ऐकला नव्हता. तो लहान मुलासारखा ओरडला. तांब्या पडला, सासूबाई कलंडल्या आणि फ्रिजचं हँडल हाताला लागलं म्हणून वाचल्या. ससा एक पाय लोंबवत पिंजऱ्याकडे पळाला.

"दिसत नाही का तुम्हाला?" मी ओरडले. त्यांच्यावर मी कधी ओरडले नव्हते.

त्या फ्रिज धरून उभ्या होत्या. पाणी त्यांच्या पायांखालून दिवाणाकडे वाहत होतं.

"नाई," त्या म्हणाल्या.

"काय नाही?"

"नाई दिसत."

मी सुरी खाली ठेवली. त्यांना धरून दिवाणावर बसवलं. त्यांचा आवाज नेहमीचाच होता. "समोरचं दिसते. तुह्या तोंड दिसते, घड्याळ दिसते. बाजूचं नाई दिसत. खालचं नाई दिसत. जसं खिडकीच्या फटीतून पाह्यते ना माणूस, तसं."

"केव्हापासून?"

"दोन वर्ष झाले असन. आधी जराक होतं. मंग वाढत गेलं."

"अन् सांगितलं काहून नाही?"

त्यांनी पिंजऱ्याकडे तोंड वळवलं. मग म्हणाल्या, "त्याले पाह्य आधी. जिवंत आहे का मेला."

ससा जिवंत होता. मी त्याला टॉवेलात गुंडाळून ऑटोने डॉक्टरकडे नेलं. मागच्या डाव्या पायाचं हाड मोडलं होतं. डॉक्टर मुलीने पाय बांधला आणि सहा आठवडे पिंजऱ्यात ठेवायला सांगितलं. "कसं झालं?" तिने विचारलं. मी सांगितलं की सासूबाईंचा पाय पडला. ती म्हणाली, "असं होतं. घरातल्यांना सवय नसते खाली बघायची." मी सशाला पुन्हा टॉवेलात गुंडाळलं.

दोन दिवसांनी मी रजा घेतली आणि सासूबाईंना धंतोलीतच डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. माझ्या लॅबपासून तो दवाखाना चालत पाच मिनिटांवर आहे. रोज मी त्याच्यासमोरून जाते. बाकांवर जागा नव्हती, खेड्यांतून आलेली माणसं भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. सासूबाईही बसल्या. शेजारच्या म्हाताऱ्याला त्यांनी त्याचं गाव विचारलं, त्याच्या तुरीचं विचारलं, आणि आपल्याला मोतीबिंदू असेल असं सांगितलं.

आत एका अंधाऱ्या खोलीत त्यांना मशीनसमोर बसवलं. हनुवटी टेकवून समोर बघायचं, पांढऱ्या भांड्यासारख्या पडद्यावर कुठेही प्रकाशाचा ठिपका दिसला की हातातलं बटण दाबायचं. मी मागे स्टुलावर बसले. तिथून मला ठिपके दिसत नव्हते, बटणाचा आवाज तेवढा येत होता. सुरुवातीला आला. मग बराच वेळ आला नाही.

"आजी, झोपू नका," तिथला मुलगा म्हणाला.

"झोपली नाई बाप्पा. दिसंन तं दाबीन ना."

डॉक्टरांनी कागद दाखवला. दोन वर्तुळं होती आणि दोन्ही कडेने काळी, मध्ये थोडी जागा पांढरी. काचबिंदू आहे, म्हणाले. गेली ती नजर परत येणार नाही. उरली ती राखायची. थेंब सकाळ-संध्याकाळ, आयुष्यभर, एक दिवसही चुकवायचं नाही. मी कागदांवर रोजच काहीबाही वाईट वाचत असते, लोकांच्या हातात ते देताना चेहरा कसा ठेवायचा तेही मला येतं. तो चेहरा मी ठेवला. सासूबाईंनी विचारलं, "मोतीबिंदू नाई म्हणता तं ऑपरेशन नाई का?" डॉक्टर नाही म्हणाले. "बरं," त्या म्हणाल्या, आणि उठताना दाराच्या चौकटीला हात लावून मगच पाऊल टाकलं. आता मला ते दिसलं. त्या प्रत्येक दाराशी असंच करतात.

शनिवारी नवरा आला. मी फोनवर सगळं सांगितलं होतं. जेवण झाल्यावर तो म्हणाला, "आई, आता एकटीनं गावाले जायाचं नाई."

तेव्हा मला कळलं की त्यांनी का सांगितलं नव्हतं.

त्या दर महिन्याला एकदा गावाला जातात. सावनेरपर्यंत बस, तिथून ऑटो. गावात त्यांची धाकटी बहीण असते. सकाळी जायचं, दिवसभर बहिणीकडे बसायचं, संध्याकाळी परत. हे त्यांनी इकडे आल्यापासून कधी चुकवलं नव्हतं, आणि कोणाला सोबत नेलं नव्हतं.

"दोन वर्ष एकटीच गेली ना," त्या मुलाला म्हणाल्या. "पडली का कुठी?"

"पडली असती तं?"

"तू रोज खाणीत उतरतं. मी कधी नको म्हटलं का तुले?"

नवरा माझ्याकडे पाहायला लागला. मी ताटं उचलून आत गेले. मला दोघांचंही पटत होतं आणि कोणाची बाजू घ्यायची इच्छा नव्हती. शेवटी असं ठरलं की पुढच्या वेळी मी सोबत जायचं.

ते सहा आठवडे घर चमत्कारिक झालं. ससा पिंजऱ्यात होता. सतरंज्या मी उचलल्या नव्हत्या. सासूबाई दिवाणावर बसायच्या, थेंबांच्या वेळा पाळायच्या आणि फारसं बोलायच्या नाहीत. सशाजवळ त्या जात नव्हत्या. देठ माझ्या हातात द्यायच्या, "दे त्याले," म्हणायच्या. एकदा मी म्हटलं, तुम्हीच द्या. "भेते थो मले," त्या म्हणाल्या. खरंच भीत होता. त्यांच्या पावलांचा आवाज आला की तो मागचा चांगला पाय पिंजऱ्याच्या तळावर आपटायचा.

ऑक्टोबरच्या शेवटी आम्ही दोघी गावाला गेलो. मी ठरवलं होतं की त्यांना धरायचं नाही, मागे राहून बघायचं. बसस्टँडवर त्या एका ठरलेल्या खांबाशी जाऊन उभ्या राहिल्या. गाडी आली की कोणाकडेही न बघता मोठ्याने विचारायच्या, "सावनेर का?" कोणीतरी हो किंवा नाही म्हणायचं. चढताना त्यांनी पाटी वाचली नाही, कठडा धरला आणि पायाने पायरी चाचपली. दारामागच्या पहिल्या सीटवर एक पोरगा बसला होता. त्याला त्यांनी उठवलं. "मले इथंच लागते गा," म्हणाल्या. तो उठला. उतरल्यावर ऑटोवाल्याने त्यांना हाक मारली, तो ओळखीचा होता. गावात त्या घरांच्या भिंतींना लागून चालल्या, एका हाताने अधूनमधून भिंतीला स्पर्श करत. रस्त्याच्या मधून त्या एकदाही गेल्या नाहीत.

त्यांच्या बहिणीने दारात येऊन आधी त्यांचा हात धरला, उंबऱ्याशी म्हणाली, "उचल पाय," आणि मग मला या म्हणाली. मी तिला विचारलं, "मावशी, तुम्हाला माहीत होतं?"

"काय?"

"आईच्या डोळ्याचं."

"हो. सालभर झालं असन." तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "तुले माहीत नोतं वं?"

मला राग आला. कोणाचा ते मला ठरवता आलं नाही, म्हणून मी पाण्याचा ग्लास घेऊन ओट्यावर जाऊन बसले. आत दोघी बहिणी बोलत होत्या. कोणाच्या पोरीचं लग्न, कोणाची म्हैस, विहाराच्या छताचं काम. सासूबाई मोठ्याने हसल्या. आमच्या घरी त्या तशा हसत नाहीत. दुपारी त्यांनी दोघींनी मिळून अंबाडीची भाजी निवडली, मी भाकरी केल्या. संध्याकाळच्या गाडीत सासूबाई झोपल्या. त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर आलं तेव्हा मी हलले नाही.

घरी आल्यावर मी नवऱ्याला फोन केला. म्हटलं, त्यांना जाऊ द्यायचं. बसमध्ये मी बसवून देईन, सावनेरला मावशी घ्यायला येईल, परतताना तसंच. तो चिडला. जबाबदारी कोणाची, म्हणाला. मी म्हटलं, माझी. मग तो म्हणाला, तिले फोन जवळ ठेवायला सांग. हे त्याचं हो म्हणणं होतं. नोव्हेंबरात त्या एकट्या गेल्या. त्या दिवशी लॅबमध्ये मी एका पेशंटला सुई दोनदा टोचली. त्या संध्याकाळी वेळेवर परत आल्या आणि चहा मागितला.

सशाचा पाय जुळला, पण जरा वाकडाच. पिंजरा पुन्हा उघडला तेव्हा तो पहिल्या वेळेसारखा थांबला नाही, तासाभरात बाहेर आला. आता तो उडत नाही. सोफ्याभोवती धावतो, वळताना डावा पाय जरा मागे राहतो. सासूबाईंनी सुचवलं होतं की त्याच्या गळ्यात घुंगरू बांधा, म्हणजे कुठे आहे ते कळेल. मी बांधलं. त्याने ते अर्ध्या दिवसात तोडलं आणि डॉक्टर मुलगीही नको म्हणाली. मग सासूबाईंनी स्वतःच चालणं बदललं. घरात त्या पाऊल उचलत नाहीत, घासत नेतात. फरशीवर सरसर आवाज येतो. तो आवाज आला की ससा आधी पाय आपटायचा, मग नुसता कान उभे करायचा, आता बाजूला होतो आणि पुन्हा पडतो. देठ तो त्यांच्या हातून घ्यायला लागला ते जानेवारीत. त्याआधी मधे बरेच दिवस त्यांचा हात दिवाणाखाली रिकामाच लोंबत राहायचा.

संध्याकाळी सहाला मी त्यांच्या डोळ्यांत थेंब टाकते. सकाळचे त्या स्वतः टाकतात, संध्याकाळचे मला टाकू देतात. टाकल्यावर पाच मिनिटं डोळे मिटून पडून राहायचं असतं. मी शेजारी खुर्चीवर बसते. काल कूलर बंद होता, घर शांत होतं.

"कुठी आहे थो?" त्यांनी डोळे मिटूनच विचारलं.

"टेबलाखाली."

"काय करून राहिला?"

मी वाकून पाहिलं. "काही नाही. बसला आहे."

"बसू दे," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पाच मिनिटं झाले का?"

तीन झाली होती. मी तसं सांगितलं.